खोलीत कॅमेरा नव्हता

(मुंबई. न्यूजरूम, संध्याकाळ. इन्जेस्टचे, म्हणजे बाहेरून येणारं चित्रण उतरवून घेण्याचे, मॉनिटर.)

ब्रसेल्सहून युरोपीय संघाच्या शिखर बैठकीचं फीड उतरतंय. काळी गाडी थांबते, दार उघडतं, एका सदस्य देशाचे पंतप्रधान लाल गालिच्यावरून माइकपाशी येतात, दोन वाक्यं बोलतात. हा डोअरस्टेप. मग गोल टेबल. कॅमेऱ्यांना आत मोजकी मिनिटं, हस्तांदोलनं आणि कागदांची चाळवाचाळव टिपण्यापुरती. मग सगळे बाहेर. घासाघीस सुरू होते ती त्यानंतर.

27 देशांचं राजकारण, आणि दाखवायला एवढंच.

(निळा झेंडा, क्लोजअप.)

हा झेंडाही चकवतो. बारा तारे युरोपीय संघाचे, तसेच स्ट्रासबर्गच्या कौन्सिल ऑफ युरोपचे. 1955 पासून तो मुळात त्यांचाच. ती संस्था वेगळी, सदस्य 46, मानवी हक्क न्यायालय तिचं. पण तिथला निकाल आला की घाईत स्टॉक शॉट, म्हणजे साठ्यातलं जुनं चित्र, लागतो ब्रसेल्सच्या बर्लेमाँचा, युरोपीय संघाच्या इमारतीचा. व्हीओ, म्हणजे चित्रावरचं निवेदन, बरोबर, चित्र चूक. शॉटलिस्टवरचं, म्हणजे चित्रांच्या यादीवरचं, ठिकाण वाचलं तरी हे टळतं.

(पुन्हा फीड. माइकांची गर्दी.)

शिखर बैठक संपली की नेते आपापल्या देशाच्या पत्रकारांना वेगवेगळ्या खोल्यांत भेटतात. जर्मन वाहिनी चॅन्सेलरचा बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घेते, पोलिश वाहिनी आपल्या पंतप्रधानांचा. ठराव एक, प्रत्येक राजधानीत तो आपल्याच माणसाने खेचून आणलेला. 1 जानेवारी 1993 ला ल्योंहून सुरू झालेल्या युरोन्यूजने उलटं करून पाहिलं : चित्र एक, आवाज पाच भाषांत, पडद्यावर निवेदकच नाही.

(वाशी, फळबाजार. पेट्या, पेंढा, हापूस.)

मार्च 2014. युरोपीय संघाच्या वनस्पती आरोग्य समितीत मतदान झालं. 1 मेपासून, म्हणजे ऐन हंगामात, भारतातला आंबा बंद. सोबत वांगी, कारली, पडवळ, अळू. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. मूळ आक्षेप निर्यातीआधीच्या तपासणीवर होता. पण तपासणीतली ढिलाई दाखवायची कशी? आणि समितीची बैठक बंद दाराआड. व्हिज्युअल शून्य. मग तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमध्ये बातमी लेस्टरच्या दुकानदारांची झाली, इथे वाशीच्या पेट्यांची. अळू-पडवळाला कोण बाईट देणार?

जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठवायला होकार मिळाला.

(पेटीवर फळी बसते. खिळे ठोकल्याचा नॅट साऊंड, म्हणजे जागेवरचा मूळ आवाज, पूर्ण.)