मेंदूतल्या कोलेस्टेरॉलची सुटका

कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला रक्ताचा रिपोर्ट आठवतो. त्या रिपोर्टात ज्याचा पत्ताही लागत नाही, अशा कोलेस्टेरॉलबद्दल आज बोलायचं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीरातलं जवळजवळ पाव कोलेस्टेरॉल तिथे साठलेलं असतं. त्यातलं बरंचसं चेतातंतूंभोवतीच्या मायलिनच्या वेष्टणात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला ओलांडता येत नाही, म्हणून मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच तयार करतो.

तयार केलं, ठीक. जास्तीचं टाकायचं कुठे? त्याची चार कड्यांची चौकट फोडणारी यंत्रणा माणसाच्या एकाही पेशीत नाही. म्हणजे फोडता येत नाही आणि बाहेरही धाडता येत नाही.

ही कोंडी सोडवतं सीवायपी४६ए१ नावाचं एन्झाइम. (पाठ्यपुस्तकात त्याला 'विकर' म्हणतात, प्रयोगशाळेत तो शब्द मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.) घराणं सायटोक्रोम पी-४५० चं. कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ही मंडळी ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात, त्यावरून हे नाव पडलं. याचं जनुक १९९९ मध्ये हाती लागलं, रचना २००८ मध्ये.

रचनेपाशी जरा थांबू. ५०० अमिनो आम्लांची ही साखळी एका टोकाने पेशीतल्या पटलात रुतलेली असते. रचना पाहायची तर आधी एन्झाइमचे स्फटिक हवेत, ते मिळावेत म्हणून संशोधकांनी ते टोक छाटलं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळायला नाखूश, म्हणून त्याऐवजी कोलेस्टेरॉल सल्फेट वापरलं. एक चित्र रिकाम्या एन्झाइमचं घेतलं, एक भरलेल्याचं, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळलं की रेणू आत शिरताना एन्झाइम त्याच्याभोवती आवळतं. रेणू ज्या पोकळीत शिरतो ती केळ्यासारखी किंचित वाकडी. कोलेस्टेरॉलची कडी तोंडाकडे राहतात, आठ कार्बनची शेपटी खोल आत जाते. तळाशी हीम, म्हणजे मधोमध लोह असलेला एक चपटा रेणू, असतो आणि त्यातल्या लोहाला खालून एका सिस्टीनचं गंधक धरून ठेवतं. शेपटीतला २४ वा कार्बन नेमका या लोहासमोर येतो. ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू त्या कार्बनवर बसतो, दुसऱ्याचं पाणी होतं.

एवढंच. २७ कार्बनच्या रेणूवर एक ऑक्सिजन. पण त्याने रेणूचा स्वभावच पालटतो. साधं कोलेस्टेरॉल पटलात एक टोक पाण्याकडे करून निवांत उभं असतं. आता दुसऱ्या टोकालाही पाण्याची ओढ लागल्यावर ते पटलात स्वस्थ बसू शकत नाही आणि सहज आरपार निघून जातं. असं दिवसाला ६-७ मिलिग्रॅम २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल मेंदूतून रक्तात येतं आणि पुढे यकृत त्याची वासलात लावतं.

मग हे एन्झाइमच काढून टाकलं तर? उंदरांत तसं केलं. मेंदूत कोलेस्टेरॉल साचेल असं कुणालाही वाटेल, पण ते साचलं नाही! मेंदूने निर्मितीच सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली. तरीही उंदीर शिकण्यात मागे पडले. मला हा सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो. कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवर जेरानिलजेरानिऑल नावाच्या रेणूलाही फाटा फुटतो. वाट मंदावली तशी त्याची आवकही घटली. या उंदरांच्या मेंदूच्या कापांवर जेरानिलजेरानिऑल बाहेरून सोडलं, तर स्मृतीशी जोडलेली चेतासंधींची (चेतापेशींमधल्या जोडांची) बळकटी परत आली. त्याऐवजी कोलेस्टेरॉल घातलं तेव्हा मात्र काही उपयोग झाला नाही. थोडक्यात, मेंदूला साठ्यापेक्षा उलाढालीची जास्त गरज आहे.

औषधवाल्यांचं लक्ष इकडे गेलं नसतं तरच नवल. एन्झाइम रोखणारं एक औषध अपस्मारासाठी (फेफऱ्यासाठी) आजमावलं गेलं. २०२४ मध्ये निकाल आले, पण मोठ्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. उलट बाजूने, म्हणजे एन्झाइमला चालना द्यायला, पुढे आलं इफाविरेन्झ, एचआयव्हीवरचं जुनं औषध. तिथे त्याची नेहमीची मात्रा दिवसाला ६०० मिलिग्रॅम. थोडं दिलं तर ते मुख्य पोकळीपासून दूर, दुसऱ्याच जागी चिकटून एन्झाइमचा वेग वाढवतं. फार दिलं तर तेच त्याला अडवतं. म्हणून अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांवरची छोटी चाचणी ५० आणि २०० मिलिग्रॅमवर झाली. मेंदूतलं एन्झाइम जागं झालं की नाही, हे ताडायला रक्तच तपासलं, कारण तिथलं २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल जवळजवळ सगळं मेंदूतूनच आलेलं असतं.