प्रातमधले लाल ठिपके: सीलिंग आधी बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच विचारणा: आवाज तपासायला फुकट काय आहे? प्रात नावाचं सॉफ्टवेअर. ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं. डच भाषेत प्रात म्हणजे 'बोल'. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. 'न्यू'मधून 'रेकॉर्ड मोनो साउंड', मग 'व्ह्यू अँड एडिट', की स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, समोर. हे सगळ्यांना जमतं.

अडतं ते फॉर्मंट सीलिंगपाशी. फॉर्मंट म्हणजे तोंडा-घशाच्या नळीत जास्त घुमणारे सूर; चित्रात ते काळे पट्टे दिसतात, आणि प्रात त्यांवर लाल ठिपके काढतं. सीलिंग म्हणजे किती हर्ट्झपर्यंत ते शोधायचे, ती वरची मर्यादा. गोव्यातल्या साखळी गावी एका आजोबांचा आवाज घेतला होता. कौलांवरचा पाऊस थांबेपर्यंत वाट बघितली, पंखा बंद केला, सगळं नीट. शब्द 'ऊस'. 'ऊ'चे पहिले दोन फॉर्मंट खाली, जवळजवळ असतात. प्रातने त्या दोघांची मिळून लाल ठिपक्यांची एकच रेघ दाखवली आणि दुसरा म्हणून जो आकडा दिला, तो तिसऱ्याचा होता. दोन दिवसांचा तक्ता मला पुसावा लागला.

कारण ऐका. प्रात आपणहून 5500 हर्ट्झच्या आत पाच फॉर्मंट शोधतं. हा आकडा प्रौढ बाईसाठी आहे. पुरुषाची घशापासून ओठांपर्यंतची नळी लांब, साधारण 17 सेंटिमीटर, म्हणून त्याचे पाच 5000च्या आतच बसतात. 5500 ठेवलंत की खालच्या दोघांचा एक होण्याची भीती.

लहान मुलाचं उलट. नळी आखूड, फॉर्मंट लांब लांब. 5500च्या आत पाच नसतातच, तरी प्रात पाच शोधायला बघतं. मग एखादा खोटा निघतो. बालवाडीतल्या पोराला 8000 लावून बघा.

एका ताईंनी लिहिलंय, "सगळ्यांना एकच सेटिंग हवं, नाहीतर तुलना कशी करणार?" ताई, तुलना करायचीय म्हणूनच बदलायचं! आजोबा आणि नात यांना एकाच मापाचा सदरा शिवत नाहीत. ठिपके हा प्रातचा अंदाज. मागचे काळे पट्टे हा आवाज. ठिपके पट्ट्यांवरून जात नसतील तर सीलिंग हलवा, मगच आकडा लिहा.

कोकणीला चालेल का, असं डिचोलीहून विचारलंय. चालेल की! प्रातला भाषा कळत नाही, ध्वनी कळतो. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे 'च' मात्र बघायचे असतील तर स्पेक्ट्रोग्रामची व्ह्यू रेंज, म्हणजे चित्र किती हर्ट्झपर्यंत दिसावं ते, 5000वरून 10000 करा. 'चारा'तली ती सळसळ बरीच वर असते, पडद्याबाहेर राहते. आणि व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज तपासायला पाठवू नका; तो दाबून लहान केलेला असतो. मला वेव्ह फाइलच हवी.