मे महिन्यातला चेंडू

श्रोतेहो, नमस्कार. वैशाखाच्या उन्हाने बागेतली बहुतेक झाडे माना टाकून बसलेली असताना, रिकामी समजून कोपऱ्यात सारलेल्या कुंडीतून एक ठिपकेदार, जाडसर दांडा वर येतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या टोकावर शेंदरी-लाल चेंडू फुलतो. आपल्याकडे कोणी याला मे फ्लॉवर म्हणतात, कोणी फुटबॉल लिली. मूळची ही आफ्रिकेतली कंदवर्गीय वनस्पती. जवळ जाऊन पाहिले, की तो चेंडू म्हणजे शंभरावर बारीक फुलांचा गुच्छ असल्याचे कळते. प्रत्येक फुलातून पिवळ्या टोकांचे पुंकेसर बाहेर डोकावत असतात.

फुलोरा आठ-दहा दिवसांत ओसरतो आणि नेमके तेव्हाच आपले लक्ष उडते. वास्तविक खरे काम पुढेच असते, कारण पावसाळाभर रुंद हिरवी पाने जे अन्न तयार करतात, तेच कंदात साठून पुढच्या मे महिन्यातले फूल घडवते. म्हणून पाने अस्ताव्यस्त वाटली तरी कापू नयेत, अधूनमधून मूठभर कुजलेले शेणखत द्यावे आणि कुंडीत पाणी साचू देऊ नये. काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेली अळी या दिवसांत लिलीवर्गीय झाडांची पाने बघता बघता फस्त करते; तिच्यासाठी फवारणीपेक्षा रोज सकाळी हाताने वेचणे मला अधिक खात्रीचे वाटते.

दिवाळीच्या आसपास पाने पिवळी पडली, की पाणी हळूहळू तोडावे. पहिल्या वर्षी झाड मेले या समजुतीने मी जानेवारीपर्यंत पाणी घालत राहिलो आणि कंद उकरला तेव्हा हाताला लगदा लागला. हिवाळ्यात त्याला कोरडी विश्रांतीच हवी असते.

कुंडी बदलायची असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये बदलावी. कंदाची मान मातीच्या पातळीला ठेवावी आणि मुळे फारशी दुखवू नयेत. दाटीत हा कंद उलट चांगला फुलतो, त्यामुळे दरवर्षी पिले वेगळी करण्याचा उत्साह आवरावा. एप्रिलमध्ये मातीतून टोक दिसले, की पुन्हा पाणी सुरू करावे.

एक मात्र सांगायलाच हवे. हा कंद कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी आहे. काढलेले कंद स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ चुकूनही ठेवू नका.