अर्धी उष्णता गेली कुठे?

(दृश्य: शाळेची प्रयोगशाळा. टेबलावर तांब्याचं भांडं, खाली काचेचा दिवा, भोवती पत्र्याचा आडोसा.)

सदाशिव पेठेतली ही शाळेची प्रयोगशाळा. उकडतंय, तरी पंखे बंद ठेवलेत. इंधन जळून किती उष्णता देतं ते मोजायचंय आणि ज्योत हलली तर मोजमाप बिघडणार.

भांड्यात १०० ग्रॅम पाणी आहे, दिव्यात इथेनॉल हे अल्कोहोल. दिव्याचं वजन टोपणासकट घेतलंय. टोपण काढलं की वातीवरून इथेनॉल उडायला लागतं आणि उडालेलं इथेनॉलही हिशेबात जळालेलं म्हणून धरलं जातं.

एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला ४.१८ जूल लागतात. पाणी किती तापलं आणि दिवा किती हलका झाला, एवढं कळलं की गणित मांडता येतं. अर्धा ग्रॅम इथेनॉल पूर्ण जळालं तर जवळपास १५ किलोजूल उष्णता मिळते. म्हणजे हे पाणी ३५ अंशांनी तापायला हवं. तापमापी मात्र बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास थांबते.

(दृश्य: भांड्याचा काळा झालेला तळ.)

मुलं इथे हिरमुसतात. मला वाटतं, प्रयोगाचा खरा रंग इथूनच चढतो. उरलेली उष्णता शोधायची! बरीचशी ज्योतीच्या कडेने वर हवेत गेली. थोडी तांब्याने घेतली. तळाला धरलेली काजळी म्हणजे न जळालेला कार्बन, त्याची उष्णता बाहेर पडलीच नाही. आणि साधं स्पिरिट वापरलं असेल, तर त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातही काही खर्च झाली.

आता एकेक दिवा बदलून दुसरी अल्कोहोलं जाळून पाहू. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसतही नाही, म्हणून तिथे जास्त जपायचं. ब्युटेनॉलची पिवळी आणि काजळी धरणारी. पुस्तकातले आकडे असे: दर मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) मिथेनॉल ७२६ किलोजूल, इथेनॉल १३६७, प्रोपेनॉल २०२१, ब्युटेनॉल २६७६. रेणूच्या साखळीत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढले की दर वेळी साधारण ६५० किलोजूलची भर. आपल्या भांड्यातले आकडे लहान येतील, पण चढत जाण्याचा क्रम बहुधा तोच दिसेल. त्यासाठी भांडं, पाणी आणि ज्योतीपासूनचं अंतर मात्र बदलायचं नाही.

(दृश्य: बाँब कॅलरीमापीचं पोलादी भांडं.)

उष्णता निसटू द्यायची नसेल, तर इंधन या जाड पोलादी भांड्यात बंद करतात. आत साधारण ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरतात, भांडं पाण्यात बुडवतात आणि बारीक तारेतून वीज सोडून इंधन पेटवतात. काजळी धरायला वावच उरत नाही. भांडं स्वतः किती उष्णता घेतं, तेही आधी बेन्झोइक आम्ल जाळून ठरवलेलं असतं. त्याच्या एका ग्रॅमचे २६.४ किलोजूल पक्के माहीत आहेत.

(दृश्य: पेट्रोल पंप, मग वेताळ टेकडी.)

पुण्याला या आकड्यांचं अगत्य असायलाच हवं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाबरोबर अल्कोहोलवरही संशोधन होतं आणि वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्या आणि इंजिनं तपासली जातात. इथेनॉलच्या वजनातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग ऑक्सिजनचा. तो स्वतः जळत नाही, म्हणून एक लिटर इथेनॉल पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा देतं. कॅलरीमापीत एका ग्रॅमला २९.७ किलोजूल मिळतात, इंजिनात मात्र २६.८च धरायचे, कारण ज्वलनातलं पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जातं.

ई२० या मिश्र पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के, त्यामुळे लिटरमागची ऊर्जा साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते. गाडीचं मायलेज नेमकं तेवढंच घटेल असं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबलं तरी अवेळी आपोआप न पेटण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा जास्त असतो. इंजिन त्या हिशेबाने, जास्त दाबावर चालेल असं बांधलं, तर त्यातली काही तूट भरून काढता येते.