खुर्ची पालथी घालून बघा

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या फर्निचरचा खरा शौकीन खुर्चीवर आधी बसत नाही. ती उचलतो आणि पालथी घालतो. पाय कुठे जोडलेत, स्क्रू कुठले, लेबल आहे का, रबर मऊ आहे की कडक होऊन तडकलंय, हे सगळं बघून झालं की मग टेकतो. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याचं फर्निचर तर असंच बघायला हवं. त्यांची निम्मी हुशारी बैठकीच्या खाली दडलेली आहे.

चार्ल्स आर्किटेक्ट, रे चित्रकार. १९४० मध्ये मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक कला अकादमीत दोघांची भेट झाली, पुढच्या वर्षी लग्न झालं आणि दोघं लॉस एंजेलिसला गेले. त्याआधी चार्ल्स आणि त्याचा मित्र एरो सारिनेन यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाची फर्निचर स्पर्धा जिंकली होती. बैठक आणि पाठ एकाच प्लायवुडच्या वळणदार तुकड्यात, अशी ती खुर्ची. कागदावर सुरेख, पण कारखान्यात काही केल्या जमेना. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले. एका दिशेला ते वळतं. वाटीसारखं दोन्ही दिशांना वळवायला गेलात की फाटतं. शेवटी त्या चिरा झाकायला खुर्चीवर कापड चढवावं लागलं.

नव्या संसारात या दोघांनी काय केलं असेल? भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्लायवुड वाकवायचं यंत्र बांधलं! नाव ठेवलं ‘काझम!’, आपल्या ‘छू मंतर’च्या चालीवर. प्लास्टरचा साचा, त्यात विजेच्या तारा, वर रबराचा फुगा आणि तो फुगवायला सायकलचा पंप. चार्ल्स दिवसा एमजीएम या सिनेमाच्या स्टुडिओत सेटचं काम करायचा, घरी आला की हा उद्योग. शेजाऱ्यांचं काय होत असेल, देव जाणे.

मग दुसरं महायुद्ध आलं, आणि अमेरिकन नौदलाला हवी होती जखमी पाय बांधायची फळी. धातूची फळी पायाला हादरे देई. या दोघांनी प्लायवुडची केली, अगदी पायाच्या वळणाची. जिथे लाकूड फाटण्याची भीती, तिथे आधीच खाचा ठेवल्या. त्याच खाचांतून पट्टी ओवून बांधता येई. सुमारे दीड लाख फळ्या बनल्या. लाकडाशी भांडायचं नाही, ते कुठे नाही म्हणतंय ते ओळखायचं, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

त्यातून १९४५-४६ ची प्लायवुडची बुटकी खुर्ची आली. एका तुकड्याचा हट्ट त्यांनी सोडून दिला. बैठक वेगळी, पाठ वेगळी, मध्ये लाकडाचा कणा. सांध्यात रबराच्या चकत्या, त्यामुळे टेकलं की पाठ किंचित मागे सरकते. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९९९ मध्ये हिला शतकातली सर्वोत्तम डिझाइन म्हटलं. संग्राहकांची डोकेदुखीही नेमकी हीच चकती. जुनं रबर मरतं, गोंद सुटतो आणि पाठ निखळते.

१९४६ मध्ये त्याच संग्रहालयात या फर्निचरचं प्रदर्शन भरलं, ते एकट्या चार्ल्सच्या नावाने. दहा वर्षांनी टीव्हीवर त्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची दाखवली गेली, तेव्हा रेची ओळख काय, तर यशस्वी पुरुषामागची कर्तबगार बाई! रंग, आकार, कुठे किती वळण हवं, यात रेची नजर होती. चार्ल्स स्वतः म्हणायचा, मला जे जमतं ते रेला माझ्याहून चांगलं जमतं. पण बिलावर आणि लेबलावर नाव बहुधा त्याचंच.

त्या आरामखुर्चीचा मी फारसा भक्त नाही. शिसवीचं लाकूड, काळं चामडं, सगळं झकास. पण ती साहेबाची खुर्ची. मला प्रिय आहे १९५० ची फायबरग्लासची. युद्धात रडारवरची झाकणं करायला वापरलेलं हे साहित्य, त्यातून बैठक-पाठ-हात एका तुकड्यात निघाले. लाकडाने जे दिलं नाही ते अखेर इथे मिळालं. खाली पाय हवे ते लावा: तारांचे, लाकडी, डोलते. अगदी पहिल्या खुर्च्यांच्या कडेत दोरी पुरलेली असते. जाणकाराचं बोट आधी त्या कडेवरून फिरतं. चांगली वस्तू, जास्तीत जास्त लोकांना, कमीत कमी पैशांत, हे दोघांचं ब्रीद. आज अस्सल जुनी खुर्ची लिलावात जाते आणि तिच्या नकला मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये. ब्रीद कुणी जास्त पाळलं म्हणायचं?

आता त्यांचं स्वतःचं घर. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात, निलगिरीच्या झाडांत, कारखान्यातून तयार मिळणाऱ्या पोलादी सांगाड्यांचं आणि काचांचं. आत कोरं करकरीत काही असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बाहुल्या, शिंपले, गालिचे, खेळणी यांची दाटी. चार्ल्स १९७८ मध्ये २१ ऑगस्टला गेला, रे बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला. जानेवारी २०२५ च्या वणव्यातून घर वाचलं, पण धूर आत शिरला होता. साफसफाई होऊन जुलैमध्ये ते पुन्हा उघडलं.

आणि हे दोघं आपल्याकडेही आले होते बरं का! भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून त्यांनी १९५८ मध्ये अहवाल दिला, त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते साध्या लोट्याचं. पाणी किती मावावं, कमरेवर कसा बसेल, ओतताना आवाज कसा येईल, उन्हाळ्यात हाताला कसा लागेल, मोडीत काय किंमत येईल, असे प्रश्नच प्रश्न. आणि पुढे कबुली, की हा लोटा कुणा एका माणसाने घडवणं शक्यच नव्हतं. खुर्च्यांवर एकट्याचं नाव लागत असतानाच्या काळातलं हे वाक्य आहे. रेने ते वाचून काय म्हटलं असेल, हे मला विचारायला आवडलं असतं.