पालीच्या चढावरचा तिसरा गिअर

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर झळा. मांजरसुंब्याकडं चढणारी वाहनं.)

बीड सोडलं, पाली मागं पडली की रस्ता चढायला लागतो. खाली बिंदुसरेचं धरण राहतं, वर बालाघाटाचा माथा आणि माथ्यावर मांजरसुंबा. सोलापूर-धुळे महामार्गाचा हा तुकडा दिवसरात्र वाहता असतो. ट्रकच्या मागं ट्रक, मधेच एसटी, मधेच तुळजापूरला निघालेली जीपगाडी.

याच चढावर आमच्या अण्णांची गाडी सहा वेळा अडली. बंद पडत नव्हती. एक हिसका बसायचा, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि त्यानंतर गाडी एकाच गिअरात राहायची. ॲक्सिलरेटर दाबला तरी नुसता आवाज, ओढ नाही. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. मागच्या सीटवर आई असायची, डायलिसिस करून थकलेली.

अण्णा केजचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना म्हणून ऑटोमॅटिक घेतली, तीही जुनी. आठवड्यातून दोनदा आईला घेऊन बीडला जायचं, दुपारी परत यायचं. त्यामुळं ही गाडी आमच्या घरात चैनीची वस्तू कधीच नव्हती.

या बिघाडाची खोड अशी, की चढावर अडलेली गाडी कडेला घेऊन, चावी बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा नव्यासारखी चालायची. गॅरेजला नेली तर तिथंही शहाण्यासारखी. एका मोठ्या वर्कशॉपनं पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणून परत पाठवली. दुसऱ्यांदा गिअर ऑइल बदललं, एक सेन्सर बदलला. तिसऱ्यांदा सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला. आकडा दीड लाखाच्या वर होता. ऐकून अण्णा काही बोलले नाहीत. तो आकडा म्हणजे कितीतरी महिन्यांचं डायलिसिस, एवढाच हिशोब त्यांच्या डोक्यात होता.

(दृश्य: बीडमधलं एक गॅरेज. पत्र्याचं शेड, भिंतीवर पाने क्रमानं लटकवलेले.)

या मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. आधी स्टूल पुढं सरकवला.

“बसा गुरुजी. गाडीला काय झालं ते ऱ्हाऊ द्या. कधी कधी झालं ते सांगा.”

अण्णांनी पिशवीतून वही काढली. शिक्षकाची सवय. तारीख, वेळ, ठिकाण, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती. सात नोंदी. त्यातल्या सहा पाली ते मांजरसुंब्याच्या, एक सोलापूरहून तुळजापूरला चढतानाची. सगळ्या दुपारी एकनंतरच्या. सकाळी बीडला उतरताना एकदाही काही नाही.

मिस्त्रींनी पान दोनदा वाचलं. म्हणाले, “गुरुजी, निम्मं काम तुम्हीच केलंय.”

मला वाटतं, ही वही नसती तर गिअरबॉक्स बदलला गेला असता. अधूनमधून येणारा बिघाड मेकॅनिकसमोर हजर राहत नाही. तो कुठं राहतो, कधी बाहेर पडतो, हे मालकालाच ठाऊक असतं, आणि मालकाला बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही.

वहीतून दोन गोष्टी निघाल्या. बिघाडाला उष्णता लागते, आणि त्याला चढ लागतो.

(दृश्य: स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट. स्कॅनर जोडताना हात.)

आता कोडकडं, म्हणजे गाडीनं स्वतःच नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकाकडं. साध्या स्कॅनरवर एकच कोड दिसतो, पी०७००. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला, म्हणजे गिअर सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, काहीतरी खटकलंय, त्याला विचारा. इंजिनाच्या कंट्रोलरनं दिलेली ती चिठ्ठी असते. मोठ्या स्कॅनरनं गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला विचारलं तेव्हा खरा कोड आला: पी०७१७. इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्सात येणाऱ्या दांड्याच्या, वेगाचा सिग्नल येत नाही.

ऑटोमॅटिकचे प्रकार बरेच आहेत. अण्णांची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी. तिच्या गिअरबॉक्सात शाफ्टबरोबर फिरणाऱ्या दात्यांच्या चकतीजवळ एक सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक दाता समोरून गेला की एक ठोका. ते ठोके मोजून कंट्रोलरला कळतं, आत शाफ्ट किती फिरतोय. बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर दुसरा सेन्सर असतो. दोन्ही आकड्यांचा मेळ बसला म्हणजे गिअर पक्का पडलाय, क्लच प्लेटा घसरत नाहीत. एक आकडा गायब झाला तर कंट्रोलर आंधळा होतो. मग तो जोखीम घेत नाही. सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपांचा, करंट तोडतो, आणि ऑइलच्या दाबावर जो गिअर आपोआप टिकतो त्यात गाडी सोडून देतो. बऱ्याच गाड्यांत तो तिसरा असतो. चावी बंद करून पुन्हा लावली की कंट्रोलर नव्यानं सुरुवात करतो. आम्ही चढावर कडेला थांबून जे करत होतो ते हेच.

सेन्सर तर बदललेला होता. तरी कोड तोच. इथं पुष्कळ जण म्हणतात, म्हणजे आत बिघाड आहे, बॉक्स उतरवा.

मिस्त्रींनी बॉक्स उतरवला नाही, गाडी दुपारी दोनला चढावर नेली. अण्णा गाडी चालवत होते, मिस्त्री शेजारी टॅबलेट मांडीवर घेऊन, मी मागं कॅमेऱ्यासह. पडद्यावर तीन रेघा: इंजिनाचे फेरे, इनपुट शाफ्टचे फेरे, गाडीचा वेग. पहिल्या फेरीत काही नाही. परत खाली आलो. दुसऱ्या फेरीत, घाटाचं अर्ध वळण पार केलं आणि हिसका बसला.

(दृश्य: टॅबलेटचा पडदा, जवळून.)

ही रेघ बघा. इनपुट शाफ्ट २४०० वर आहे. पुढच्याच क्षणी शून्य. मधे उतार नाही, कडा तुटावा तशी सरळ खाली. आणि त्याच क्षणी गाडीचा वेग ४५, तसाच.

“शाफ्ट खरंच थांबला असता तर गाडी चालली असती का?” मिस्त्रींनी विचारलं. “प्लेटा घसरल्या असत्या तर हा आकडा वर पळाला असता. शून्य कामून झाला? गिअरबॉक्स चांगलाय गुरुजी. निरोप पोचंना गेलाय.”

अण्णांनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

गॅरेजात आल्यावर सेन्सर ते कंट्रोलर या दोन वायरींचा तपास सुरू झाला. मीटरवर बीप वाजली, दोन्ही वायरी चांगल्या. पण वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजते, म्हणून या बीपवर मिस्त्रींचा भरवसा नव्हता. त्यांनी वायरीची दोन्ही टोकं सोडवली, कारण कंट्रोलर जोडलेला असताना असला प्रयोग केला तर तोच जायचा. मग त्या वायरीतून बॅटरीचा करंट पाठवून पाच वॅटचा पार्किंगचा बल्ब लावला. एका वायरीवर बल्ब लख्ख. दुसरीवरही लख्ख. गाडी थंड होती आणि वायरीवर ताण नव्हता.

मग हेअर ड्रायर आणला. गिअरबॉक्सवरच्या कनेक्टरभोवती गरम हवा सोडली आणि वायर हळूच इंजिनाच्या मागच्या बाजूला ओढली. बल्ब मंद झाला. आणखी ओढली, विझला. सोडली, लागला.

(दृश्य: बल्ब. आवाज नाही.)

हा एवढा तुकडा निवेदनाशिवाय ठेवलाय. सात वेळा घाटात जे झालं ते इथं गॅरेजात, हाताच्या एका ओढीवर होत होतं.

कव्हर चिरलं. कनेक्टरपासून चार बोटांवर वरचं प्लास्टिक धड, आतलं तांबं तुटलेलं. दोन-तीन केसासारख्या तारा तेवढ्या टोकाला टोक लावून होत्या. प्लास्टिक गार असताना ताठ, त्यामुळं टोकं चिकटून राहायची. तापलं की मऊ पडून ताणलं जायचं.

पण ओढत कोण होतं? हा प्रश्न मिस्त्रींनी सोडला नाही, आणि मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं. वायर जोडून दिली असती तरी गाडी चालली असती, काही महिने. त्यांनी अण्णांना ब्रेक घट्ट दाबायला लावला, गाडी डी मध्ये टाकून ॲक्सिलरेटर जरासा द्यायला सांगितलं. पाच सेकंदांपेक्षा कमी, कारण जास्त वेळ केलं तर ऑइल फार तापतं. तेवढ्यात इंजिन मागं झुकलेलं दिसलं, वाजवीपेक्षा कितीतरी जास्त. इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं. शिवाय कधीतरी कुणीतरी बॅटरीचं काम करताना हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मूळच्या क्लिपात न बसवता पट्टीनं आवळून बांधला होता. चढावर जोर पडला की इंजिन मागं झुकायचं आणि वायर ताणली जायची.

नवी वायर त्याच जाडीची घातली, सोल्डर केली, वर स्लीव्ह तापवून बसवली. हार्नेस मूळच्या क्लिपात, थोडी ढील ठेवून. माउंटिंग नवं. सगळा खर्च धरून साडेचार हजार, त्यात माउंटिंगचेच जास्त.

त्यानंतर सलग तीन दिवस मिस्त्री दुपारी दोन वाजता आमच्याबरोबर घाटात आले. एसी चालू, गाडीत चार माणसं, डिकीत मुद्दाम ज्वारीची दोन पोती. तिन्ही दिवस इनपुट शाफ्टची रेघ कुठं तुटली नाही. तिसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या चौकात त्यांनी टॅबलेट बंद केला, पैसे मोजून घेतले आणि बीडकडं जाणारी जीप पकडली.

(दृश्य: अण्णांची वही. आठवी नोंद.)

‘दुपारी १:५०. पाली ते मांजरसुंबा. एसी चालू. माणसं तीन, त्यात ही. झोपली होती, घाट कधी संपला कळलं नाही.’