एअर काढताना

ट्रकखालून बाहेर आलेले हे पाय भाचीचे. ग्रीस गन मागणारा आवाजही तिचाच.

इंदूर, देवास नाक्याजवळचं गोदाम. मामांचा मांडवाचा धंदा. घर लोकमान्य नगरात, जीव इथं. मागे वासे, कनाती, खुर्च्यांच्या चळती. तुळशीचं लग्न लागलं की यातलं काही जागेवर दिसणार नाही, म्हणून गाडीचं काम आत्ता, आश्विनातच.

गाडी आयशर. तशी इथलीच म्हणायची. पीथमपूरच्या कारखान्यात १९८६ पासून हे ट्रक बनताहेत आणि पीथमपूर इथून तासाभरावर. गेल्या मोसमात ती बायपासवर बंद पडली, मिस्त्री दुपारी आला, मांडव संध्याकाळी उभा राहिला, भाड्यातून पैसे कापले गेले. असो.

आधी गुटके. चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लागल्याशिवाय मामा तिला खाली जाऊ देत नाहीत. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही.

ग्रीसचं काम चिवट. प्रत्येक निपल, म्हणजे ग्रीस आत सोडायचं बारीक तोंड, आधी चिंधीनं पुसायचं, नाहीतर वरची माती ग्रीसबरोबर आत जाते. हे पाहा, किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ, तिच्या सांध्यातून जुनं काळं ग्रीस सोऱ्यातून शेव पडावी तसं बाहेर येतंय. त्यामागून नवं, स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारत राहायचं.

जळकं ऑइल डब्यात भरलंय. २०१६च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा, अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवा.

आता डिझेल फिल्टर. जुना काढला की लाइनमध्ये हवा शिरते. हवा दबते, डिझेल दबत नाही. पंपात बुडबुडा अडकला की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, उघडण्याइतका दाब तयारच होत नाही, मग स्टार्टर कितीही फिरवा. ड्रायव्हर म्हणतात, गाडीनं एअर धरली. रस्त्यात डिझेल संपलं तरी हेच. आणि एवढ्यासाठी मिस्त्रीची वाट बघत दिवस घालवणारे मालक याच नाक्यावर बसलेले असतात!

फिल्टरच्या डोक्यावरचा हा छोटा बोल्ट. दोन आटे ढिला केला. हातपंप दाबायचा. आधी नुसता फेस, फुसफुसणारा. मग डिझेल, मधूनच एखादा बुडबुडा. भाची थांबते.

"अजून," मामा.

"आता सरळ येतंय की रे."

"मोज. दहा वेळा दाब. एकही बुडबुडा नको."

सातव्याला बुडबुडा येतो. पुन्हा एकपासून.

मामांना हे कुणी हाताला धरून शिकवलेलं नाही. गॅरेजवाले आत उभं राहू देत नसत. मामा बाहेर चहा घेऊन बसायचे, आणि नजर कुठं असायची ते आज कळतंय.

दहा. पंप दाबून धरलेला असतानाच बोल्ट आवळला जातो.

किल्ली भाचीकडे. पहिल्यांदा काही नाही. दहा-पंधरा सेकंदांच्या वर स्टार्टर फिरवायचा नसतो, तो तापतो. ती हात काढते. थांबते. पुन्हा.

[निवेदन थांबते. इंजिनाचा आवाज. मामांचा चेहरा.]

इंजिन चालू असतानाच ती खाली उतरते, फिल्टरच्या कडेनं बोट फिरवते आणि उजेडात धरते.

कोरडं.